सशाच्या तळपायांना जपणारा पिंजऱ्याचा तळ कसा निवडावा

सशाच्या मागच्या पायाचा तळवा उलटा करून पाहिला, तर कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पंजाखाली असते तशी गादी तिथे आढळत नाही. तिथे असतात ते नुसते दाट, किंचित राठ केस, आणि केसांखाली लगेच पातळ कातडी व हाड. पिंजऱ्याच्या तळाबाबत जे जे ठरवायचे असते, त्या सर्वाचे मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

मोकळ्या जमिनीवर ससा बसतो तेव्हा त्याची नखे मातीत आणि गवतात रुततात, बोटे थोडी खाली दबतात आणि अंगाचे वजन सबंध पावलावर पसरते. कठीण तळावर नखांना रुतायला जागाच नसते. ती उलट बोटांना वर ढकलतात, आणि भार मागे टाचेकडे सरकतो. मग तासन्‌तास एका जागी बसणारा ससा हाड आणि तळ यांच्यामध्ये कातडीचा तोच तो भाग दाबत राहतो. तिथला रक्तपुरवठा कमी होतो, केस झिजतात, कातडी लालसर होते, पुढे जाड होऊन घट्टा पडतो, आणि घट्ट्याला भेग गेली की जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. या विकाराला पशुवैद्य पोडोडर्माटायटिस म्हणतात. ससे पाळणाऱ्यांमध्ये ‘सोअर हॉक्स’ हे नाव रूढ आहे. नाव हॉकचे, म्हणजे टाचेच्या सांध्याचे असले, तरी जखम बहुतेक वेळा त्या सांध्याच्या पुढे, तळव्याच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर होते, आणि नवख्या माणसाची नजर नेमकी तिथे जात नाही.

नव्याने ससा आणणारे बहुतेक जण ‘सर्वांत मऊ तळ कोणता?’ असे विचारतात. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. तळ पायाखाली थोडा दबला पाहिजे हे खरे, पण त्याबरोबर तो कोरडा राहिला पाहिजे, त्यावर पाय घसरता कामा नये, आणि सशाने तो कुरतडून खाल्ला तरी पोटाला अपाय होता कामा नये. ससा समोर आलेली प्रत्येक वस्तू चावून पाहणार, हे गृहीतच धरावे. या चार अटींपैकी ओलाव्याची अट सर्वांत अधिक मोडली जाते आणि सर्वांत उशिरा लक्षात येते.

पहिली पायरी: आधी पाय पाहावेत

काहीही विकत घेण्याआधी सशाचे चारही तळवे नीट पाहून घ्यावेत. यासाठी सशाला पाठीवर उताणे पाडण्याची गरज नसते. उताणा केलेला ससा निश्चल पडतो, परंतु ती शांतता नसून भीतीमुळे आलेला ताठरपणा असतो. त्यापेक्षा जमिनीवर बसून सशाची पाठ आपल्या पोटाला टेकवावी, एक हात त्याच्या छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली ठेवून त्याला थोडे उभे धरावे, आणि दुसऱ्या माणसाने मागच्या पायाचे केस बोटांनी बाजूला सारून पाहावे. मागच्या भागाला आधार कधीही सुटू देऊ नये. सशाचा सांगाडा त्याच्या आकाराच्या मानाने हलका आणि मागच्या पायांचे स्नायू फार जोरकस असतात, त्यामुळे एकट्या जोरदार झटक्यानेही पाठीचा कणा दुखावू शकतो.

केस बाजूला केल्यावर बहुतेक प्रौढ सशांच्या टाचेजवळ एक छोटा, फिकट गुलाबी, केस नसलेला ठिपका दिसतो. तो कोरडा आणि गुळगुळीत असेल, दाबल्यावर ससा पाय ओढून घेत नसेल आणि भोवतालचे केस त्याला झाकत असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्याचा आकार लक्षात ठेवावा, किंवा शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढून ठेवावे. ठिपका लाल झाला असेल, हाताला गरम लागत असेल, त्यावर खपली धरली असेल किंवा तो केसांच्या कडेबाहेर पसरू लागला असेल, तर तळ बदलण्याची वेळ आलेली आहे. उघडी जखम, रक्त, सूज किंवा पू दिसल्यास हा लेख बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडे जावे.

याच वेळी नखेही पाहावीत. वाढलेली नखे कठीण तळावर बोटांना वर उचलतात आणि भार टाचेवर टाकतात, त्यामुळे तळ कितीही चांगला निवडला तरी नखांकडे दुर्लक्ष झाल्यास निम्मा उपयोग वाया जातो. साधारण चार ते सहा आठवड्यांनी नखांची टोके कापावी लागतात. फिकट नखात आतली रक्तवाहिनी गुलाबी रेघेसारखी दिसते. काळ्या नखात ती पाहायला मागून विजेरीचा उजेड धरावा लागतो. तळव्याचे केस मात्र कधीही कापू नयेत, कारण गादीची उणीव तेच भरून काढत असतात.

दुसरी पायरी: आपला ससा कोणत्या गटातला आहे ते ओळखावे

रेक्स जातीच्या सशांचे केस मखमलीसारखे आखूड असतात आणि तळव्यावरही ते पातळच असतात, त्यामुळे या जातीला तळव्याचा त्रास लवकर होतो. फ्लेमिश जायंटसारख्या मोठ्या जातींचे वजन सहा किलोच्या पुढे जाते आणि तेवढा भार लहानशा जागेवर येतो. लठ्ठ ससे, संधिवातामुळे कमी हलणारे म्हातारे ससे, गाभण माद्या आणि धोक्याची चाहूल लागली की मागचे पाय वारंवार आपटणारे चंचल ससे यांनाही अधिक जपावे लागते. आपला ससा यांपैकी एखाद्या गटातला असेल, तर पुढे जिथे जिथे ‘चालेल’ असे म्हटले आहे, तिथे त्याच्यासाठी ‘चालणार नाही’ असे वाचावे.

तिसरी पायरी: असलेला तळ तपासावा

तारेच्या जाळीचा तळ वाईटच, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. जाळीतून लेंड्या आणि मूत्र खाली पडून जाते आणि ससा आपल्याच घाणीत बसत नाही, हा तिचा खरा गुण आहे. मोठ्या प्रमाणावर ससे पाळणारे लोक जाळी वापरत आले ते त्यामुळेच. परंतु जाळीवर सशाचे वजन फक्त तारांच्या बारीक रेषांवर तोलले जाते, आणि ज्याला दिवसभर त्याच रेषांवर बसून राहावे लागते त्याचे पाय आज ना उद्या दुखावतात.

जाळी असेलच, तर तिची तार किती जाड आहे ते पाहावे. तारेची जाडी ‘गेज’ या मापात सांगतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे नवख्यांच्या चटकन लक्षात येत नाही. तळासाठी १४ गेजची, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर जाडीची तार आणि अर्धा इंच बाय एक इंच घरे असलेली जाळी सर्वसाधारणपणे वापरली जाते. १६ गेजची जाळी स्वस्त पडते, पण ती पायाला अधिक रुतते आणि वजनाने मध्ये झोळ धरते. झोळ पडलेल्या जाळीवर ससा सतत उतारावर बसल्यासारखा असतो. अशा जाळीत एकमेकींपासून अर्ध्या इंचावर असलेल्या तारा वरच्या बाजूला याव्यात, म्हणजे पायाला जवळजवळच्या अधिक तारांचा आधार मिळतो. घाईघाईत जाळी उलटी बसवलेली असते आणि महिनोन्‌महिने ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यानंतर तळहाताने जाळी तपासावी. हात पसरून, अंगाचा थोडा भार देऊन तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश फिरवावा. जस्ताच्या मुलाम्याचे टोकदार थेंब, सुटलेला जोड, कापलेल्या तारेचे टोक, गंजाने खरखरीत झालेला भाग, हे सारे डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागते. जे आपल्या तळहाताला टोचते ते सशाच्या पायालाही टोचणार. थेंब कानशीने घासून काढता येतात. गंजलेला तुकडा मात्र कापून बदलावाच लागतो. अर्ध्या इंचाहून रुंद फटींची जाळी तळासाठी वापरू नये, कारण तीत बोट किंवा नख अडकते, आणि घाबरलेला ससा झटका देऊन पाय मोडून घेतो. पिल्लांचा तर सबंध पाय आत जातो.

जाळीवर ठेवायची पहिली वस्तू म्हणजे बसण्याची फळी. ती एवढी मोठी असावी की ससा तिच्यावर पूर्ण लांब पसरून झोपू शकेल. पावलापुरती फळी ठेवून काम भागत नाही. रंग, पॉलिश किंवा वाळवीनाशक न लावलेले साधे लाकूड चालते, पण लाकूड मूत्र शोषते, म्हणून दोन फळ्या ठेवून एक उन्हात वाळत असताना दुसरी वापरावी. भोके असलेल्या प्लास्टिकच्या चटया जाळीवर घट्ट बसतात आणि धुवायला सोप्या असतात. ससा त्यांच्या कडा कुरतडत असेल तर मात्र त्या काढून टाकाव्यात. माझ्या मते पिंजऱ्याचा निम्म्याहून अधिक तळ असा झाकलेला असावा, आणि घरी पाळलेल्या एकदोन सशांसाठी तर जाळी पूर्णच झाकून टाकावी.

आता सपाट आणि कठीण तळांविषयी. प्लास्टिकचा ट्रे, प्लायवुड, लिनोलियम, फरशी आणि टाइल यांच्यात पायाला टोचणारे काही नसते, पण ते दबतही नाहीत, आणि गुळगुळीत असतील तर पाय फाकतात. घसरणारा ससा तोल सावरण्यासाठी मागच्या पायांवर अधिक भार टाकतो किंवा हलणेच बंद करतो. वाढत्या पिल्लांचे पाय अशा तळावर कायमचे बाहेर वळू शकतात. म्हणजे कठीण तळ हा पाया म्हणून उत्तम, पण उघडा ठेवण्याजोगा नव्हे.

चौथी पायरी: वर काय अंथरावे

वाळलेल्या गवताचा जाड थर हे मला सर्वांत भरवशाचे अंथरूण वाटते. ते दबते, नखांना रुतू देते, घसरत नाही, आणि सशाने खाल्ले तर ते त्याचे अन्नच असते. थर किती जाड हवा यासाठी मोजपट्टी नको. मूठ वळून अंथरुणावर जोराने दाबावी, आणि खालचा कठीण तळ बोटांच्या सांध्यांना लागला तर गवत कमी आहे असे समजावे. पेंढा थोडा वेगळा वागतो. त्याच्या काड्या पोकळ असल्याने तो ऊब आणि फुगीरपणा देतो, परंतु ओलावा फारसा शोषत नाही, म्हणून पेंढ्याखाली वर्तमानपत्राचे किंवा कागदी अंथरुणाचे थर द्यावेत. काड्या फार राठ असतील तर हाताने चुरगळून घ्याव्यात. बुरशीचा वास येणारे किंवा धुळीने शिंका आणणारे गवत आणि पेंढा दोन्ही टाकून द्यावेत.

कागदापासून बनवलेले मऊ अंथरूण पाणी चांगले शोषते आणि जखम असलेल्या सशासाठीही योग्य असते. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या त्याहूनही अधिक शोषतात, पण त्या कठीण आणि गोलसर असल्याने पायाला खुपतात. त्या शौचाच्या कोपऱ्यात, गवताच्या थराखाली वापराव्यात. सीडारचा आणि भट्टीत न वाळवलेल्या पाइनचा सुगंधी भुसा टाळावा, कारण त्यातील उडनशील द्रव्ये सशाच्या यकृताला आणि श्वासमार्गाला त्रासदायक ठरतात. ओले झाल्यावर गोळा होणारी मांजरांसाठीची माती तर पिंजऱ्यात आणूच नये. ती खाल्ली गेल्यास आतड्यात साचून अडथळा होऊ शकतो.

कापडांमध्ये फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापड, सर्वांत सोयीचे आहे. त्याचे धागे सुटत नाहीत, आणि ते स्वतः फारसे भिजत नसून ओलावा खाली जाऊ देते, मात्र त्याखाली तो शोषणारा थर असला तरच. टॉवेलच्या कापडाच्या गाठींमध्ये नखे अडकतात. गोणपाट आणि गालिचा यांचे धागे ससा उपटून गिळतो. शिवाय गालिच्याच्या राठ पृष्ठभागाशी सतत घासून तळव्याचे केसच उडतात, ज्याचा विचार फारसा कोणी करत नाही. फोमच्या चटया मऊ दिसतात, पण कुरतडलेले फोमचे तुकडे पोटात जाणे ही जिवावरची गोष्ट आहे.

पाचवी पायरी: ओलावा शोधून काढावा

माझ्याकडच्या पहिल्या रेक्स मादीसाठी मी जाळीवर एक जाड टॉवेल चार घड्या करून घातला होता. वरून हात लावला की तो कोरडा वाटे, म्हणून मी दर तीन-चार दिवसांनीच बदलत असे. एके दिवशी तिच्या तळव्याचे केस ओलसर होऊन एकमेकांना चिकटलेले दिसले, म्हणून टॉवेल उलगडला, तर दुसरी घडी ओलीगच्च होती आणि तिच्यातून डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येत होता. ती बसली की तिच्या वजनाने खालचे मूत्र वर येई, आणि ती उठली की पृष्ठभाग पुन्हा वाळे. त्या जाळीने तिचे पाय जितके दुखावले नसते तितके माझ्या मऊ टॉवेलने दुखावले.

तेव्हापासून मी एक साधी चाचणी करतो. कोरडा कागदी रुमाल अंथरुणावर ठेवून त्यावर तळहाताने सशाच्या वजनाएवढा भार दहा-वीस सेकंद देतो. रुमाल ओलसर झाला तर अंथरूण त्याच क्षणी बदलायचे, मग ते वरून कितीही स्वच्छ दिसो. ओल्या कातडीची ताकद कमी होते, ती लवकर सोलवटते, आणि मूत्राने भिजलेल्या केसांत जिवाणू वाढतात. शेपटीजवळचे केस घाण राहिले तर माश्या तिथे अंडी घालतात, आणि त्यातून निघालेल्या अळ्या सशाला थोड्याच वेळात मरणाच्या दारी नेऊ शकतात.

सुदैवाने बहुतेक ससे शौचासाठी एकच कोपरा निवडतात, आणि नसबंदी झालेल्या सशांमध्ये ही सवय अधिक पक्की असते. आपण कोपरा ठरवण्यापेक्षा सशाने निवडलेल्या कोपऱ्यातच शोषक अंथरुणाचा आणि वर गवत घातलेला ट्रे ठेवावा. हा ट्रे रोज रिकामा करावा. बाकीचे अंथरूण ओले भाग काढून आणि वर नवे घालून चालवता येते. सशाच्या मूत्रात कॅल्शियम भरपूर असते, त्यामुळे ट्रेवर पांढरा, कडक थर धरतो. पाणी मिसळलेले व्हिनेगर त्यावर काही वेळ ठेवल्यास तो सुटतो. धुतलेला ट्रे पूर्ण वाळल्याशिवाय परत ठेवू नये. पाण्याची बाटली गळत असेल तर तिच्याखालचा तळही ओलाच राहतो, तेव्हा त्या जागी एकदा हात फिरवून पाहावा.

सहावी पायरी: सशाला निवडू द्यावे

सबंध पिंजऱ्यात एकच अंथरूण घालण्याऐवजी सुरुवातीला दोन किंवा तीन प्रकारचे भाग करावेत. एका बाजूला गवताचा जाड थर, दुसरीकडे फ्लीस, आणि उन्हाळ्यासाठी एखादी टाइल असावी. सशांना उष्णता सोसत नाही, आणि गरम हवेत जाड अंथरूण टाळून ते थंड टाइलवर जाऊन पसरतात. ते त्यांना करू द्यावे, फक्त टाइल ही विसाव्याची एक जागा असावी, एकमेव जागा नव्हे. आठवडाभर दिवसातून चार-पाच वेळा ससा कुठे पसरला आहे एवढे टिपून ठेवले, तर त्याची पसंती कळते. तो रोज एखाद्या भागाला वळसा घालून जात असेल, तर त्या भागात काहीतरी खुपते आहे, असे मानून तिथे पुन्हा हात फिरवावा.

तळ बदलल्यानंतर पहिला महिना दर आठवड्याला पाय पाहावेत आणि आधीच्या छायाचित्राशी ताडून पाहावेत. केस झिजलेल्या जागी पुन्हा केस यायला वेळ लागतो, म्हणून ठिपका वाढला नाही, लाली उतरली, एवढे दिसले तरी बदल योग्य दिशेने आहे. या सगळ्यात सशाला रोज काही तास पिंजऱ्याबाहेर धावू देणेही धरलेलेच आहे. बसून राहणाऱ्या सशाचे पाय कोणताही तळ कायम वाचवू शकत नाही.

जखम झालेलीच असेल तर

ससा वेदना लपवतो. तो भार पुढच्या पायांकडे सरकवून बसू लागला, आळीपाळीने मागचे पाय उचलू लागला, उडी मारण्याऐवजी सरपटू लागला, दात करकरू लागला किंवा त्याचे खाणे कमी झाले, तर पाय पाहिल्याशिवाय दिवस जाऊ देऊ नये. उघड्या जखमेवर घरातले मलम चोपडू नये. केस चिकट होतात आणि त्यात घाण धरते. आपणच बांधलेली पट्टी सरकते, भिजते आणि नवा दाब निर्माण करते. उरलेली प्रतिजैविके देणे तर फारच धोक्याचे आहे, कारण पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा तोल बिघडून मृत्यू ओढवू शकतो. सशाचा पू घट्ट दह्यासारखा असतो आणि आपोआप वाहून जात नाही. संसर्ग हाडापर्यंत पोहोचला आहे का हे पाहण्यासाठी पशुवैद्याला क्ष-किरण छायाचित्र काढावे लागते, आणि तशा वेळी उपचार कित्येक महिने चालतात.

दवाखान्यात जाताना सशाच्या पायांबरोबर पिंजऱ्याच्या तळाचीही छायाचित्रे न्यावीत. एक वरून काढलेले असावे, आणि एक अंथरूण उचलून त्याच्या खालच्या बाजूचे.